शिकलगारांच्या मिरजेत

दक्षिण महाराष्ट्रातील कुठल्याही उर्दू शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहा. नदाफ, मोमीन, पटवेगार, अत्तार, तांबोळी, मणेर, रंगरेज, शिकलगार. मुलांच्या लेखी ही नुसती आडनावे. पण यातल्या बहुतेक आडनावांमागे एक हत्यार उभे आहे. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. त्याच्या हाती कमान आणि तिच्यावर ताणलेली तात. मोमीन विणकर, त्याचा धोटा. तांबोळ्याचा अडकित्ता. रेशमात दागिने ओवणाऱ्या पटवेगाराला तर सूत ताणून धरायला स्वतःच्या पायाचा अंगठाच पुरे. आमचे आजोळ पिंजाऱ्याचे. आढ्याला टांगलेली कमान मी लहानपणी पाहिली आहे. तिची तात तुटली ती पुन्हा कोणी लावली नाही, आणि घर नव्याने बांधताना कमान कुठे गेली ते आज कोणालाच सांगता येत नाही. नाव राहिले, हत्यार गेले. बहुतेक घरांची गोष्ट अशीच आहे.

शिकलगार हा शब्द मी वर्गात नेहमी फोडून सांगतो. अरबीत 'सैकल' म्हणजे धातू घासून लखलखीत करणे. त्याला फारसी 'गर' जोडला की सैकलगर. आपल्या दखनी जिभेवर त्याचा सिकलगर आणि शिकलगार झाला. उर्दू शायर आरशाला सैकल करतात, कारण जुना आरसा काचेचा नसे, धातूचा असे आणि घासल्याशिवाय त्यात तोंड दिसत नसे. एकदा एका पोराने माझ्या सगळ्या व्याकरणावर पाणी ओतले. म्हणाला, "सर, ते सायकलवर चाक बसवून धार लावतात ना, म्हणून शिकलगार." वर्ग हसला. मला मात्र त्याचे उत्तर आवडले. त्याने निदान माणसाला आणि त्याच्या चाकाला पाहिले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेलो तो हे आडनाव आणि त्याचे हत्यार अजून एकत्र नांदते का, ते पाहायला.

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या माणसांच्या हातात पाहिले तर दोन गोष्टी दिसतात: पुढच्या गाडीसाठी सामान, नाहीतर दवाखान्याची फाईल. गाडी बदलणे आणि तब्येत दाखवणे यांसाठीच हे गाव बहुतेकांना ठाऊक. स्टेशनवरून रिक्षा केली आणि मिरासाहेबांचा दर्गा सांगितला की कोणीही नेऊन सोडतो. आणि सतारमेकर गल्ली विचारली की पानवालासुद्धा हात करून दाखवतो. दुकानांत भिंतीला ओळीने टेकवलेले तंबोरे, छताला उलटे टांगलेले भोपळे, आणि आतून लाकूड तासल्याचा आवाज. रंगाचा, लाखेचा आणि स्पिरिटचा वास दाराबाहेर येतो.

इतिहास थोडक्यात असा. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. येथील शिकलगार पिढ्यान् पिढ्या तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि चकाकी देत. इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि तलवार कमरेवरून भिंतीवर गेली. भिंतीवरच्या तलवारीला वर्षातून एकदा पुसले तरी चालते. तिच्यावर घर चालत नाही. संस्थानात गवई आणि वादक येत असत. त्यांची वाद्ये उत्तरेकडून आलेली. ती बिघडली की येथे दुरुस्त करणारे कोणी नसे. 1850 च्या सुमारास याच शिकलगारांतील फरीदसाहेब या कारागिराने ती दुरुस्त करायला घेतली, मग नवी घडवायला घेतली. संस्थानिकांचा आश्रय मिळाला. त्यांच्या घराण्याने तो धंदा वाढवला आणि हळूहळू आडनावच सतारमेकर पडले. अर्धे देशी, अर्धे इंग्रजी असे हे आडनाव आहे. त्या काळातील दुकानाच्या पाटीवरून ते घरात शिरले असावे, असा माझा आपला तर्क.

काही वाचकांच्या मनात येथे वाद्यांचा आणि शरीअतचा प्रश्न येईल. तो उलेमांचा प्रांत आहे आणि मी त्यात पाऊल टाकत नाही. मी लिहितो आहे ते लोखंडाविषयी, लाकडाविषयी आणि हातच्या रोजीविषयी. हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हातची कमाई खात आणि हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, हे आपण मुलांना लहानपणीच सांगतो. नंतर त्याच मुलाने रंधा हातात घेतला की मात्र आपला चेहरा उतरतो.

ज्या कारखान्यात मी दोन दिवस बसलो तो म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. कारखाना हा शब्द आपण आता धुराड्याला दिला आहे. येथे तो अजून जुन्या अर्थाने नांदतो. सत्तरीच्या पुढचे एक चाचा, त्यांचा मधला मुलगा आणि एक शिकाऊ पोरगा. चाचा जमिनीवर बसून काम करतात. दोन्ही पाय हेही त्यांचे हत्यारच: एका पायाने दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने फिरवायची. आमचे बोलणे दखनीत चालले होते, ते मी मराठीत देतो.

भिंतीला करवती आणि खालच्या लाकडी पेटीत बाकीचे. वाकस, रंधा, गुण्या, सामता, सपाट पटाश्या, गोल पटाश्या, नक्षीच्या कोरण्या, लहानमोठ्या कानशी, चिंचेच्या लाकडाची मोगरी. गुण्या आणि रंधा हे शब्द फारसीतून आले आहेत; मराठी सुतार आणि मुसलमान कारागीर दोघेही ते आपलेच म्हणून वापरतात. मी एक पटाशी उचलायला गेलो तेव्हा चाचांनी हात आडवा घातला. "सर, मुठीकडून धरा. धार आहे." आणि खरोखर होती. त्यांनी ती आपल्या हाताच्या पाठीवर अलगद फिरवून दाखवली. केस उडाले, कातडीला ओरखडा नाही.

ती पटाशी त्यांच्या आजोबांची. वीतभर होती म्हणे, आता जेमतेम चार बोटे उरली आहे. धार लावणे म्हणजे दर वेळी थोडे लोखंड झिजवणेच. जुन्या पटाशीची घडण त्यांनी मला उजेडात धरून दाखवली. सगळे पाते एका जातीचे नसते. अंग मऊ लोखंडाचे, कारण मोगरीचा मार त्याने सोसायचा. आणि तोंडाशी कठीण पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली. त्या जोडाची रेष बारकाईने पाहिली की दिसते. अंग कितीही उरो, पोलाद संपले की पटाशी संपली. "अजून दीड बोट आहे," चाचा म्हणाले. "माझ्या मुलाला पुरेल. नातवाचे सांगत नाही."

मूठ मात्र तिच्या वडिलांच्या वेळची. ते डावखुरे होते. अंगठा टेकायच्या जागी लाकूड झिजून खोलगट झाले आहे, ते डाव्या अंगठ्याचे. चाचा उजव्या हाताचे. चाळीस-पन्नास वर्षे ते ही पटाशी वापरत आहेत आणि त्या खळग्यात त्यांचा अंगठा नीट बसत नाही. मूठ बदलायला दहा मिनिटे लागली असती. त्यांनी ती बदललेली नाही, आणि का नाही हे मी विचारले नाही.

नवी हत्यारे वाईट असतात असे कोणी समजू नये. या खोलीत विजेवर चालणारे गिरमिट आहे, घासायचे यंत्र आहे आणि जाड लाकूड चिरायला ते बाहेरच्या यंत्रावर जाते. चाचा त्यावर खूश आहेत. ते म्हणतात, करवत ओढण्यात कसले हुनर, ती तर नुसती मेहनत. मेहनत यंत्राला द्यावी आणि हुनर हाताकडे ठेवावे. हौशी लोक जुनी हत्यारे पाहून डोळे मिटतात आणि उसासे टाकतात. कारागीर तसे करत नाही. त्याला पटाशी आवडते कारण ती कापते. बाजारातली नवी पटाशी तो घेतो, पण पहिले काही दिवस तिला दगडावर घासून तिचे तोंड आपल्या मनासारखे करून घेतो. काही कोरण्या तर विकत मिळतच नाहीत. झिजलेल्या कानशीचे पोलाद चांगले असते. ती लोहाराकडून ठोकून तिची कोरणी करवून घेतात. एका हत्याराच्या पोटी दुसरे जन्मते.

आता हे सारे लागते कशाला ते सांगतो. तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू. तो सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढा या बाजूला पिकतो. वेलावर पूर्ण पिकवून महिनोन् महिने वाळवतात. मग भिजवून, तोंड कापून, आत काटक्यांचे आडवे टेकू देऊन त्याला आकार राखायला लावतात. दांडी तुणीच्या लाकडाची. भोपळा आणि दांडी जोडणारा गळा, भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी तबली, जोडावर कोरलेली पाने, कडेची नक्षी. नक्षीला पूर्वी हस्तिदंत असे; त्यावर बंदी आल्यावर हाडे, शिंगे आणि प्लास्टिक आले. तबलीची जाडी सगळीकडे सारखी नसते. कुठे किती ठेवायची हे चाचा बोटाच्या टकटकीने ठरवतात. आवाज बोजड आला की अजून तासायचे. येथे फूटपट्टीचा उपयोग नाही.

आणि शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा दिसायला सपाट, पण तो किंचित उतरता गोल असतो. तार त्या उताराला केसाएवढ्या अंतरावर घासत कंप पावते आणि म्हणून तंबोऱ्याचा आवाज नुसता 'टण्' न होता पसरत, झणकारत राहतो. हा उतार कानशीने आणायचा. दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा एक हात. एक जास्त पडला की सुरुवातीपासून. या कामाला चाचा नवी कानस घेत नाहीत. नव्या कानशीचे दात खोल जातात. त्यांच्याकडे वडिलांची एक कानस आहे. तिचे दात इतके झिजले आहेत की बोटाला जवळजवळ गुळगुळीत लागते. दुसऱ्या कुठल्याही कामाला ती निकामी. भंगारवाला तिचे लोखंडाच्या वजनाने पैसे देईल. जवारीला मात्र तीच लागते, आणि अशी कानस दुकानात मिळायची तर आधी कोणीतरी तीस वर्षे ती झिजवली पाहिजे.

तेथे बसून मला एक गोष्ट लक्षात आली, ती कोणत्या पुस्तकात वाचलेली नाही. लोक म्हणतात शिकलगारांनी धंदा बदलला. तलवार सोडली, सतार धरली. माझ्या मते त्यांनी मूळ धंदा सोडलाच नाही. धार म्हणजे काय, पोलाद कुठे संपते, दगडावर किती दाब द्यायचा आणि कधी थांबायचे, हे त्यांच्या हातांना आधीपासून ठाऊक होते. लाकूड नवे होते, ज्ञान जुने. सुतारकामात निम्मी कला धारेत असते. ती ज्यांच्या घरात रांगत होती त्यांना उरलेली निम्मी शिकायला फार वेळ लागला नसावा.

संध्याकाळी असरनंतर दर्ग्यात गेलो. आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. किराणा घराण्याच्या या गायकाने मिरजेला घर केले. 1937 मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचा इंतकाल झाला आणि मय्यत येथे आणून दफन केली. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते, हे सर्वांना माहीत आहे. मला आकर्षण होते ते वेगळ्याच गोष्टीचे. खाँसाहेब वाद्ये स्वतः दुरुस्त करत आणि त्यासाठी हत्यारे बरोबर बाळगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. एवढा मोठा गवई आणि त्याच्या सामानात कानस! चाचांना हे सांगितले तर त्यांना त्यात नवल वाटले नाही. "कान असेल त्याच्या हाती कानस शोभते," इतकेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अवघड विषय काढला. हत्यारांच्या वाटण्या कशा होतात? घर, शेत, दागिना यांचे हिस्से आपल्या शरीअतने ठरवून दिले आहेत. पण पटाशी चौघांत कशी वाटायची? आणि जो नोकरीला पुण्यात आहे त्याने रंधा घेऊन करायचे काय? चाचा हसले. त्यांच्या वडिलांच्या पश्चात चार भाऊ, दोन बहिणी होत्या. सर्वांना बसवून पेटीतल्या प्रत्येक नगाची किंमत बाजारच्या माणसाकडून करवली. जो काम करणार त्याने पेटी घ्यावी आणि ती रक्कम त्याच्या हिश्शात धरावी, असे सगळ्यांच्या रजामंदीने ठरले. बहिणींचा हिस्साही त्यात धरला. धाकट्या बहिणीने मात्र एक वस्तू मागितली: सरस उकळायची पितळी वाटी. आता चिकटवायला फेव्हिकॉल आहे, पण तेव्हा सरस निखाऱ्यावर सतत गरम ठेवावा लागे. लहानपणी ते काम तिचे होते. वडील हात पुढे करत आणि ती वाटी देई. न पाहता, न बोलता. पटाशी धरायला तिला कोणी दिली नाही. तिची ती वाटी आज इचलकरंजीत तिच्या घरी आहे. चाचा हे सांगताना थोडे थांबले. "तिचा कान माझ्यापेक्षा चांगला होता," म्हणाले.

याचा विचार आपल्या घराघरांत व्हायला हवा असे मला वाटते. पण मला अधिक टोचले ते पुढचे.

मी सहज विचारले, हात तयार व्हायला किती वर्षे लागतात? चाचा म्हणाले, वर्षांचा प्रश्न नाही, वयाचा आहे. आठव्या-नवव्या वर्षी पोर शेजारी बसले पाहिजे. चौदा-पंधरापर्यंत मनगट वळते. त्यानंतर आलेला माणूस काम शिकतो, पण विचार करून करतो. विचार करून जवारी होत नाही.

आठ ते चौदा. म्हणजे नेमकी ती वर्षे जेव्हा ही पोरे माझ्यासमोर बाकावर बसलेली असतात. मुलांनी शाळेतच असले पाहिजे, यात माझ्या मनात तिळभर शंका नाही. बालमजुरीच्या गोड गोष्टी करणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. त्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत असतात. पण शाळा दिवसाचे सहा तास घेते, शिकवणी दोन तास घेते, मोबाईल उरलेले घेतो, आणि आम्ही त्या बदल्यात हाताला काय देतो? वेळापत्रकात कार्यानुभव नावाचा तास आहे. कितीतरी ठिकाणी तो गणिताला जातो. जिथे उरतो तिथे रंगीत कागद कातरून चिकटवले जातात. ज्या गावात चार पावलांवर असा कारागीर बसला आहे तेथेही हेच. कार्यानुभवाच्या तासाला अशा माणसाला शाळेत मानाने बोलवावे, मुलांनी आणि मुलींनीही निदान दगडावर पटाशीला धार लावून पाहावी, एवढे तर मुख्याध्यापकांच्या हातात आहे. धार लावायला शिकलेले मूल पुढे डॉक्टर झाले तरी काही बिघडत नाही.

चाचांचा नातू बी. फार्म. करतो. सुट्टीत येतो, रंगकाम करतो, हिशेब ठेवतो. कामात हुशार आहे असे त्याचे वडील सांगतात. चाचा गप्प राहतात. मागणीही पूर्वीसारखी नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाईलमध्येच तंबोरा आला, आणि रियाझाला बसणाऱ्याला भोपळ्याचे वाद्य सांभाळण्याची गरज वाटेनाशी झाली. दुसरीकडे 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेचे नाव दुसऱ्या गावच्या मालाला लावता येणार नाही. ही चांगली गोष्ट आहे. मुलाने प्रमाणपत्राचा फोटो मला मोबाईलवर दाखवला. चाचा त्या वेळी दगडावर तेलाचे दोन थेंब टाकत होते. दगड मधोमध होडीसारखा खोल गेला आहे. "नाव वाचले," ते म्हणाले. "आता बसणारा पाहिजे."

निघताना शिकाऊ पोराकडे पाहिले. तो या घरातला नाही, शिकलगारही नाही. शेजारच्या खेड्यातला, सुताराचा मुलगा, मराठी शाळेतून दहावी झालेला. चाचांच्या व्याख्येप्रमाणे उशिरा आलेला. त्याला अजून जवारीला हात लावू देत नाहीत. पण सकाळी येऊन पेटी उघडणे, हत्यारे तेलाच्या फडक्याने पुसणे आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या जागी ठेवणे हे त्याच्याकडे आहे. कोणती पटाशी कोणाची होती, हे त्याने मला चाचांपेक्षा भरभर सांगितले. आजोबांची, वडिलांची, मोठ्या अब्बांची. तोही 'मोठे अब्बा'च म्हणत होता.

मिरजेला जाणार असाल तर शुक्रवार टाळा. जुम्याच्या दिवशी बरीचशी दुकाने दुपारी बंद असतात. लहान मुलांना जरूर न्या. तंबोरा घ्यायचा नसला तरी कोणी हाकलून देत नाही. फक्त काम चालू असताना, विशेषतः कोणी तार छेडून कान लावून बसले असेल तर, तेवढा वेळ दारातच उभे राहा आणि बोलू नका.